हिरव्या कॉपर कार्बोनेटपासून काळा कॉपर ऑक्साइड
बाजारात मिळणारं कॉपर कार्बोनेट बहुधा आम्लारिधर्मी असतं, म्हणजे त्यात हायड्रॉक्साइडही असतं, त्यामुळे तापवल्यावर कार्बन डायऑक्साइडबरोबर पाणीही निघतं. कोरड्या, जाड काचेच्या परीक्षानळीत २.२१ ग्रॅम पूड घ्या. बूच लावून त्यातून निघणारी वायूनळी चुन्याच्या निवळीत बुडवा. परीक्षानळीचं तोंड किंचित खाली झुकवा. नाहीतर तोंडाशी साचलेलं पाणी तापलेल्या बुडाकडे ओघळून काच तडकते. चष्मा हवाच.

ज्योत फिरवत हळूहळू तापवा. एकदम आच दिली तर पूड उडते. हिरवा रंग कडेपासून काळवंडत जातो, चुन्याची निवळी दुधाळ होते. बर्नर बंद करण्याआधी वायूनळी निवळीतून बाहेर काढा, नाहीतर निवळी उलटी आत ओढली जाते.

थंड करून वजन करा, पुन्हा तापवा. नळीचं वजन वजा जाता पुडीचं वजन सुमारे १.५९ ग्रॅमवर स्थिरावलं पाहिजे. जास्त भरलं, तर आत हिरवं शिल्लक आहे.