व्हिडिओ चिप गप्प? आधी पत्ता तपासा
आय-टू-सी बसवर (चिपांशी दोन तारांवरून बोलायची पद्धत) व्हिडिओ डिकोडर, म्हणजे अ‍ॅनालॉग व्हिडिओ डिजिटल करणारी चिप, उत्तर देईना, की मी कोडला हात लावण्याआधी पत्ता बघतो. डेटाशीटमध्ये (चिपच्या माहितीपत्रकात) लिहिण्यासाठी आणि वाचण्यासाठी वेगवेगळे हेक्स (१६ अंकांच्या पद्धतीतले) आकडे असतात, उदाहरणार्थ काही चिपांत ४२ आणि ४३. बऱ्याच कोड लायब्रऱ्यांना मात्र ७ बिटांचा पत्ता लागतो, म्हणजे ४२ एक बिट उजवीकडे सरकवून हेक्स २१. (यात माझी अख्खी संध्याकाळ गेली आहे.) पत्ता बरोबर असेल तर एसडीए (डेटाची तार) आणि एससीएल (क्लॉकची तार) दोन्हींवर पुल-अप, म्हणजे तार हाय ठेवणारे रेझिस्टर, आहेत ना ते पाहा, ४.७ किलोओहम सहसा चालतो. प्रोसेसर मध्येच रीसेट होऊन चिपने एसडीए लो धरून ठेवली असेल, तर एससीएलवर ९ पल्स द्या, मग स्टॉप (संवाद संपल्याचा संकेत) पाठवा. चिपची रीसेट पिनही एकदा मीटरने बघा.