विस्मरणात गेलेल्या ठेवी आणि शेअर परत कसे मिळवावेत

जुने पासबुक हाती लागले तरी त्यातील रक्कम एव्हाना सरकारजमा झाली असेल, असे मानून अनेक जण ते पुन्हा पेटीत ठेवून देतात. बहुतेक वेळा तसे झालेले नसते. पैसा कोणाच्या ताब्यात आहे, एवढे आधी ठरवावे.

ज्या बँक खात्यात १० वर्षे व्यवहार झालेला नाही, त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. हा निधी २०१४ पासूनचा आहे. तो सरकारी महसूल नव्हे, आणि खातेदाराचा किंवा वारसांचा हक्क त्यानंतरही कायम राहतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘उद्गम’ संकेतस्थळावर नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख देऊन विनामूल्य शोध घेता येतो. अर्ज मात्र मूळ बँकेच्या शाखेतच करायचा असतो, कारण बँक आधी दावेदाराला पैसे देते आणि मग ते निधीतून परत मागते. उद्गमवर सर्व बँका नाहीत, त्यामुळे जिल्हा बँक किंवा नागरी सहकारी बँकेचे पासबुक असल्यास शाखेत लेखी चौकशी करून पोच घ्यावी. वारसांनी मृत्यूचा दाखला, स्वतःचे ओळखपत्र आणि नामनिर्देशन नसल्यास वारसाहक्काचा पुरावा जोडावा.

पतसंस्थेची पावती या व्यवस्थेत बसत नाही. पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्याबाबत जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांचे कार्यालय गाठावे.

अमळनेर परिसरात शेअरचे कागद विशेष काळजीने पाहावेत. १९४५ मध्ये तेथे स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स म्हणजेच आजची विप्रो. प्रमाणपत्रावर जुने नाव दिसले म्हणून ते रद्दी समजू नये. सलग ७ वर्षे लाभांश न घेतल्यास लाभांशच नव्हे, तर शेअरही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. ते परत मिळवण्यासाठी आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरून कागदपत्रे कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवावी लागतात, आणि शेअर जमा होण्यासाठी डीमॅट खाते आवश्यक असते.

टपाल कार्यालयातील बचत किंवा पीपीएफचे जुने पुस्तक असेल, तर ते काम आधी हाती घ्यावे. खाते निष्क्रिय ठरल्यावर ७ वर्षे कोणी मागणी केली नाही, तर ती रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते आणि तेथून २५ वर्षांत दावा न झाल्यास ती खरोखरच केंद्र सरकारची होते.