खेळाडूवर मैदानाबाहेरचा आरोप आला, तर क्लबने काय करायचे

फुटबॉलच्या मैदानात धसमुसळा खेळ झाला तर पंच आहेत, कार्ड आहे, किती सामने बाहेर बसायचे याचा नियम आहे. तोच खेळाडू मैदानाबाहेर कुणाला मारहाण करतो, त्याच्याविरुद्ध छळाची तक्रार येते, तेव्हा बहुतेक क्लबांकडे एक ओळही लिहिलेली नसते. मग निर्णय सामन्याच्या दिवशी, संघाची यादी हातात धरून होतो आणि समोर कोणता संघ आहे यावर ठरतो.

इंग्लंडच्या वेस्ट हॅम या क्लबचे असेच झाले. त्यांचा खेळाडू कर्ट झुमा मांजराला लाथ मारत असल्याचा व्हिडिओ फेब्रुवारी २०२२ मध्ये बाहेर आला आणि दुसऱ्याच दिवशी वॉटफर्डविरुद्ध त्याला खेळवले गेले. चेंडू त्याच्याकडे गेला की प्रेक्षक हुर्यो उडवत होते. एका प्रायोजकाने प्रायोजकत्व थांबवले, बुटांच्या कंपनीने करार संपवला, आणि क्लबने दोन आठवड्यांचा पगार दंड म्हणून घेतला. पुढे न्यायालयाने १८० तासांची समाजसेवा आणि पाच वर्षे मांजर पाळण्यावर बंदी सुनावली. व्हिडिओ खरा आहे हे खेळाडूने स्वतः मान्य केले होते. त्या एका सामन्यापुरते त्याला बाहेर बसवले असते तर क्लबला सगळ्या बाबी तपासायला वेळ मिळाला असता.

आमचे मत स्पष्ट आहे. आरोप गंभीर असेल आणि त्याला सकृद्दर्शनी आधार असेल, तर खेळाडूला लगेच संघाबाहेर ठेवावे. पण बाहेर ठेवणे वेगळे आणि काढून टाकणे वेगळे. जो निर्णय मागे घेता येतो तो लवकर घ्या. जो मागे घेता येत नाही तो सर्वांत शेवटी. फुटबॉलपटू चेड इव्हान्सला २०१२ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, सुटल्यावर क्लबांची दारे बंद झाली, २०१६ मध्ये ती शिक्षा रद्द झाली आणि फेरखटल्यात तो निर्दोष सुटला. न्यायालयाचाही निकाल फिरतो, मग क्लबच्या तीन जणांच्या समितीचा का फिरणार नाही?

आधी करार नीट करा

सगळ्यात महाग चूक इथे होते. बेंजामिन मेंडीवर ऑगस्ट २०२१ मध्ये बलात्काराचे आरोप ठेवले गेले, त्याच्या क्लबने, मँचेस्टर सिटीने, त्याला निलंबित केले आणि सप्टेंबरपासून पगार बंद केला. २०२३ मध्ये तो सर्व आरोपांतून सुटला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कामगार न्यायाधिकरणाने ठरवले की तो कोठडीत होता तो काळ सोडून बहुतेक पगार त्याला द्यावा लागेल. थकलेली रक्कम एक कोटी पौंडांच्या वर होती. पगार अडवण्याचा अधिकार देणारे कलम करारात नव्हते, एवढी साधी गोष्ट.

म्हणून करारात किंवा नोंदणी अर्जासोबतच्या आचारसंहितेत चार गोष्टी लिहा: कोणत्या वर्तनावर चौकशी होईल, चौकशीपर्यंत संघाबाहेर ठेवण्याचा अधिकार कोणाला, त्या काळात पगार किंवा मानधनाचे काय, आणि दंडाची कमाल मर्यादा किती. ‘क्लबच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारे वर्तन’ एवढेच लिहू नका. त्यात काहीही बसते, म्हणून वाद झाला की ते टिकत नाही. मारहाण, लैंगिक छळ, अल्पवयीनांशी गैरवर्तन, दारू पिऊन गाडी चालवणे, सामन्यांवर सट्टा, जातिवाचक किंवा धर्मावरून शिवीगाळ अशी नावे घेऊन लिहा.

व्यावसायिक खेळाडूचा पगार चौकशी संपेपर्यंत चालू ठेवा. फिफाच्या बदली-नियमांप्रमाणे दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडू १५ दिवसांची लेखी मुदत देऊन करार मोडू शकतो. म्हणजे कारवाई करायला निघालेला क्लबच करारभंगाचा धनी ठरतो.

पहिला दिवस

तक्रार आल्याबरोबर अध्यक्ष, सचिव आणि संघाशी संबंध नसलेली एक व्यक्ती, शक्यतो वकील, एवढ्यांनीच बसावे. प्रशिक्षकाला या बैठकीत घेऊ नका. त्याला रविवारी सामना जिंकायचा असतो. त्याच्यावर हे ओझे टाकणे त्याच्यावरही अन्याय आहे. इतिवृत्तात वेळ, तक्रारीचे स्वरूप आणि घेतलेला निर्णय लिहा. मोबाइलवरचे संदेश, फोटो, व्हिडिओ मूळ स्वरूपात जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप गटात पुढे पाठवू नका. तिथून ते गावभर होते.

दोन प्रकारच्या तक्रारींत क्लबला स्वतःची वाट निवडता येत नाही.

पहिली, लैंगिक गुन्ह्याची तक्रार. त्यात पीडित व्यक्ती १८ वर्षांखालील असेल तर मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘आधी आपसांत विचारून बघू’ म्हणत थांबणे हाच गुन्हा होतो, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. लहान मुलांच्या अकादमी चालवणाऱ्या क्लबांनी हे कार्यालयाच्या भिंतीवर लावावे.

दुसरी, महिलेने केलेली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार. २०१३ च्या कायद्यात स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा ही कामाची ठिकाणेच मानली आहेत. क्लबमध्ये दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर महिला अध्यक्ष असलेली अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तक्रारीची मुदत तीन महिने, चौकशीची ९० दिवस. हे काम कार्यकारिणीने स्वतःकडे घेऊ नये. मार्च २०२४ मध्ये गोव्यात महिला लीगच्या दरम्यान दोन खेळाडूंनी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या एका पदाधिकाऱ्याविरुद्ध मारहाणीची तक्रार केली, पोलिसांनी त्याला अटक केली आणि महासंघाने निलंबित केले. नियम खेळाडूंपुरते लिहिले की असा माणूस त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. प्रशिक्षक, व्यवस्थापक, पदाधिकारी सगळे त्यात आणा.

बाहेर काय सांगायचे

चार ओळी पुरतात. असे लिहा: ‘आमच्या एका खेळाडूविषयी तक्रार आली आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत तो संघाबरोबर सराव करणार नाही आणि सामन्यांत खेळणार नाही. ही शिक्षा नाही. तक्रारदाराची ओळख शोधण्याचा किंवा पसरवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.’ शेवटचे वाक्य कधीही गाळू नका. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. ‘आम्ही आमच्या खेळाडूच्या पाठीशी उभे आहोत’ हे वाक्य मात्र टाळाच. चौकशीआधी ते लिहिले की पुढची चौकशी कोणी खरी मानत नाही, खेळाडू निर्दोष ठरला तरीही.

चौकशी

आरोप काय आहेत ते खेळाडूला लेखी द्या, उत्तराला किमान सात दिवस द्या, सोबत एक माणूस आणू द्या. तक्रारदाराला आणि खेळाडूला समोरासमोर बसवू नका. पोलिस तपास चालू असेल तर साक्षीदारांना गाठून विचारपूस करू नका. तपासात अडथळा आणल्याचा ठपका येतो. तेवढ्यापुरती आपली चौकशी थांबवा, पण निलंबनाचा आढावा दर ३० दिवसांनी घ्या आणि इतिवृत्तात नोंदवा.

हा आढावा नुसता कागदी नसतो. संडरलँडने अ‍ॅडम जॉन्सनला मार्च २०१५ मध्ये अटकेनंतर निलंबित केले आणि सुमारे दोन आठवड्यांत परत घेतले. पुढे मे महिन्यात पोलिस तपासातले तपशील क्लबच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांसमोर आले, तरीही तो खेळत राहिला. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने काही आरोप कबूल केल्यावरच क्लबने त्याला काढले. मार्चमध्ये त्या अधिकाऱ्यांना पद सोडावे लागले. नवी माहिती हाती आली की त्याच आठवड्यात आढावा घ्यायचा, हा नियम तेव्हा हवा होता.

खटला मागे घेतला गेला म्हणजे क्लबचा प्रश्न सुटला, असेही नाही. मेसन ग्रीनवुडवरील आरोप २ फेब्रुवारी २०२३ ला मागे घेतले गेले, पण मँचेस्टर युनायटेडचा निर्णय यायला २१ ऑगस्ट उजाडला. कोणत्या निकषावर ठरवायचे हे आधी ठरलेले असले की इतका वेळ लागू नये. फौजदारी न्यायालय संशयाला जागा न राहण्याइतका पुरावा मागते. क्लबने ‘घडले असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा जास्त आहे का’ हा निकष ठेवावा आणि तो आचारसंहितेत लिहावा.

किती शिक्षा

शिवीगाळ, समाजमाध्यमावरची घाणेरडी पोस्ट अशा बाबतीत माफी, दंड आणि दोन ते चार सामने. दंडाची रक्कम क्लबच्या तिजोरीत न घालता संबंधित कामाला द्या. वेस्ट हॅमने प्राणिकल्याण संस्थांना दिली. मारहाणीला हंगामाचा मोठा भाग. लैंगिक अत्याचार किंवा मुलांविरुद्धचा गुन्हा सिद्ध झाला तर करार संपवावा, त्यात घासाघीस नको. क्रिकेटमध्ये आघाडीच्या गोलंदाजाला किंवा फलंदाजाला वगळणे जसे निवडसमितीला जड जाते, तसे इथे सर्वाधिक गोल करणाऱ्याला शिक्षा करणे जड जाते. म्हणून शिक्षेचा तक्ता हंगाम सुरू होण्याआधी ठरवा, तेव्हा कुणाचा चेहरा समोर नसतो.

कोल्हापूरच्या तालीम संघांना, म्हणजे पेठांतल्या तालमींच्या नावाने खेळणाऱ्या फुटबॉल संघांना, हे आणखी अवघड आहे. खेळाडू, तक्रारदार आणि पदाधिकारी एकाच पेठेतले, कधी एकाच गल्लीतले असतात. तिथे चौकशी समितीतले निदान दोघे पेठेबाहेरचे घ्या आणि बैठक तालमीत न घेता दुसरीकडे घ्या. तक्रारदार तालमीच्या दारात यायला कचरतो, ते साहजिक आहे.

दुसऱ्या क्लबचा खेळाडू घेताना

स्कॉटलंडच्या रेथ रोव्हर्सने जानेवारी २०२२ च्या अखेरीस डेव्हिड गुडविलीला घेतले. त्याच्यावर फौजदारी खटला चालला नव्हता, पण २०१७ मध्ये दिवाणी न्यायालयाने त्याने बलात्कार केल्याचा निष्कर्ष काढला होता. प्रमुख प्रायोजक निघून गेला, महिला संघाच्या कर्णधाराने क्लब सोडला आणि काही दिवसांतच क्लबला सांगावे लागले की तो आमच्यासाठी खेळणार नाही. सही करण्याआधी आधीच्या क्लबकडून लेखी उत्तर घ्या: शिस्तभंगाची कारवाई चालू आहे का, झाली होती का. खेळाडूकडून प्रलंबित आणि निकाली अशा सर्व खटल्यांचे प्रतिज्ञापत्र घ्या, आणि खोटे निघाल्यास करार रद्द होईल असे त्यातच लिहा. मग महिला संघाच्या कर्णधाराला आणि मुख्य प्रायोजकाला फोन करा. त्यांचे म्हणणे ऐकल्यावरच करार पुढे न्या.