थंड इंजिन थरथरतंय? गाडी रात्रीच गॅरेजला लावा

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पारा 10 अंशांच्या आसपास उतरला की जुनी पेट्रोल गाडी सकाळी थरथरते, कधी बंदही पडते. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून गॅरेजला पोहोचेपर्यंत मात्र सुरळीत चालू लागते, आणि मेकॅनिकला दोष दिसतच नाही. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळीच तिथे ठेवा आणि सकाळचा पहिला स्टार्ट त्यालाच मारू द्या.

थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. कार्ब्युरेटरच्या (जुन्या पद्धतीच्या) गाडीत ते काम चोकचं, म्हणजे हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणाऱ्या झडपेचं, तेव्हा त्याची केबल आणि झडप पूर्ण फिरते का ते आधी बघा. इंजेक्शनच्या गाडीत कूलंटचा टेंपरेचर सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, इंजिन किती थंड आहे ते सांगतो. तो बिघडून 'इंजिन गरम आहे' असं सांगू लागला, तर पेट्रोल कमी पडतं. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून सेन्सरचे आकडे दाखवणारं यंत्र) असेल तर रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं तापमान बाहेरच्या हवेइतकंच दिसायला हवं. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, अजिबात टाळू नका.

मग व्हॅक्यूमचे, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या मार्गाला जोडलेले, रबरी पाइप. जुनं रबर थंडीत कडक होतं, चिरेतून जादा हवा आत जाते आणि पेट्रोलचं प्रमाण कमी पडतं. गरम झाल्यावर तीच चीर मिटू शकते. इंजिन चालू ठेवून पाइपांच्या सांध्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारा, आवाज बदलला तर गळती तिथेच. प्लगच्या वायरींपासून फवारा लांब ठेवा. पेट्रोल किंवा क्लीनर मात्र मारू नका, आग लागते.

गरम झाल्यावरही थरथर राहिली, तर प्लग आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा.