अंगावरचं दूध कसं सोडवायचं? एकदम तोडू नका, एक-एक वेळ कमी करा

आमच्याकडं बेळगावात, शहापूर-वडगाव असो नाहीतर खानापूरकडची खेडी, पोराचं दूध तोडायचं म्हटलं की बायका दोनच उपाय सांगतात. थानाला कडुलिंबाचा पाला वाटून लाव, नाहीतर पोराला चार दिवस आजोळी पाठव. थोरल्या मुलीच्या वेळी मी दोन्ही केलं. दीड वर्षाची होती ती. तोंडाला कडू लागल्यावर माझ्याकडं बघून जी रडली ते अजून डोळ्यासमोर येतं. मग तिला आईकडं खानापूरला ठेवून आले आणि तिसऱ्या दिवशी माझ्याच एका बाजूला दगडासारखी गाठ, वरनं लालभडक, थंडी वाजून ताप. डॉक्टरांनी औषध दिलं आणि म्हणाल्या दूध काढत राहा, साचू देऊ नका. म्हणजे जे बंद करायचं म्हणून एवढं केलं तेच परत चालू ठेवावं लागलं.

धाकट्याच्या वेळी ठरवलं की असं करायचंच नाही. शेजारच्या कन्नड अक्का म्हणायच्या, निधान माड्री, हळूहळू करा. अडीच महिने गेले पण गाठ नाही, ताप नाही, आणि पोरगं घाबरलं नाही. ते कसं केलं ते सांगते.

आधी खरंच सोडवायचंय का बघा

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, नंतर वरच्या खाण्याबरोबर दोन वर्षं आणि वाटलं तर त्यापुढंही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळं वर्ष झालं की "आता त्यात काय राहिलंय, नुसतं पाणी" असं कोण म्हणत असेल तर ऐकू नका, ते खरं नाही. दुसऱ्या वर्षातही दुधात स्निग्धांश असतो, आजाराशी लढणारे घटक असतात. नोकरीवर परत गेलात म्हणून तोडायची गरज नाही, सकाळ-रात्र पाजता येतं, आणि मातृत्व लाभाचे नियम लागू असतील तिथं मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात दोनदा पाजायला सुट्टी मिळते. पण तुम्ही दमलाय, तुम्हालाच आता नको वाटतंय, तर तेवढं कारण पुरेसं आहे, कुणाला उत्तर द्यायची गरज नाही.

बाळ वर्षाच्या आतलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण त्या वयात गाईचं दूध आईच्या दुधाच्या जागी चालत नाही.

वेळ निवडा

आज्जी म्हणायची पावसाळ्यात दूध तोडू नये. मला वाटतं त्यात अर्थ आहे, आमच्याकडं जून ते ऑगस्ट पाऊस लागून राहतो, पोरांना सर्दी, जुलाब चालूच असतात आणि आजारी पोर बाकी काही तोंडात घेत नाही, अंगावर तेवढं पितं. मी दसऱ्यानंतर सुरू केलं. अंगणवाडी नुकतीच लागलीय, दात येतायत, घर बदलताय, अशा वेळी थांबा. मधेच आजारी पडलं तर पाजा, बरं झाल्यावर परत सुरू करता येतं.

दुपारचं आधी, रात्रीचं शेवटी

दिवसातनं किती वेळा पितंय ते चार दिवस नुसतं बघा. माझा सहा वेळा प्यायचा. त्यातली जी वेळ त्याला सगळ्यात कमी लागते ती आधी काढायची, बहुतेक वेळा ती दुपारची असते, पोर खेळता खेळता कंटाळलं म्हणून येतं. ती एक बंद केली की आठ-दहा दिवस तसंच राहू द्या, मग पुढची. दूध जेवढं ओढलं जातं तेवढंच अंगात तयार होतं, ओढणं कमी झालं की हळूहळू बनणंही कमी होतं, म्हणून मधे दिवस सोडायचे.

स्वतःहून द्यायचं नाही, मागितलं तर आधी दुसऱ्या कशात तरी गुंतवायचं. ज्या कॉटवर बसून पाजत होते तिथं मी दुपारी बसायचंच सोडलं. समोर बटणं असलेली नाईटी दिवसा घालायची बंद केली, कारण ती बघितली की ह्याला आठवायचंच. आणि तो मागायच्या आधीच पुढ्यात खाणं ठेवायचे: नाचणीचं आंबील, वरणात कुस्करलेली भाकरी, अंडं, आणि रताळी निघायच्या दिवसात उकडलेलं रताळं. गवळ्याचं दूध उकळून फुलपात्रातनं द्या, बाटली नको, नाहीतर पुढं ती सोडवत बसावं लागतं. दिवसाला दोन कप पुष्कळ झालं. अर्ध्या लिटरच्या वर गेलं तर पोट दुधानंच भरतं, जेवण कमी होतं आणि अंगातलं लोह कमी पडतं.

बंद करणं अवघड जात असेल तर वेळ कमी करा. "दहा मोजते, मग बास" असं म्हणायचं आणि खरंच दहाला थांबायचं. दीड-दोन वर्षांच्या पोरांना हे कळतं.

रात्र

हीच खरी अवघड. झोप आणि दूध एक झालेलं असतं, म्हणून आधी ते वेगळं करा. पाजायचं, मग दात घासायचे, मग गोष्ट, मग झोप. मधे जाग आली की नवऱ्यानं घ्यायचं. आमच्यात चार रात्री ह्यांनी त्याला खांद्यावर घेऊन पडवीत फेऱ्या मारल्या, मी आत पडून ऐकत होते आणि उठून जावं असं शंभर वेळा वाटलं. रडला, पण जवळ माणूस होतं, एकटा ठेवला नाही. पाचव्या रात्री पाणी पिऊन झोपला. सासूबाई "दे की ग एकदा" म्हणत होत्या, त्यांना आधीच सांगून ठेवा, कारण एक दिवस नाही आणि एक दिवस हो झालं की पोर जास्त रडतं.

तुमच्या अंगाचं

छाती भरून दुखली तर हातानं थोडंसं काढा, बरं वाटण्यापुरतं. पूर्ण रिकामी केली तर परत तेवढंच भरतं. थंड पाण्याचा रुमाल ठेवा. घट्ट पट्टी बांधू नका, त्यानं दूध साचून गाठ होते. दूध आटवायची गोळी मेडिकलमधनं स्वतःच्या मनानं आणू नका. लाल चट्टा, कडक गाठ आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, त्या वेळी पोराला त्या बाजूला पाजलं तरी त्याला अपाय होत नाही, उलट गाठ मोकळी व्हायला मदत होते.

आणि मन. कुणी मला सांगितलं नव्हतं की शेवटी शेवटी उगाच रडू येतं. शरीरातली संप्रेरकं बदलतात, त्यानं होतं. दोन आठवड्यांच्या वर उदास वाटत राहिलं तर डॉक्टरांशी बोला, लाजू नका.

सुटल्यावरही दाबलं तर बरेच महिने थेंब येतो, त्याला घाबरायचं नाही. आपोआप गळत असेल किंवा रक्त दिसलं तर मात्र दाखवा. माझा धाकटा बंद झाल्यावर तीन आठवड्यांनी एकदा खानापूरच्या बसमध्ये पदराखाली शिरला, तोंड लावून बघितलं, ओढायचं कसं ते त्याला आठवेना. मग मांडीवरच डोकं टेकून झोपला, खानापूर येईपर्यंत.