ड्राइव्ह इमेजिंग: आधी रेस्क्यू पेनड्राइव्ह, मग इमेज

फायली कॉपी करून ठेवल्या तर फक्त फायली वाचतात. इमेज म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत, तिच्यात विंडोज, सॉफ्टवेअर, सेटिंग्ज, सगळंच येतं. डिस्क गेली की नव्या डिस्कवर इमेज उतरवायची, कॉम्प्युटर होता तसा. मॅक्रियम रिफ्लेक्ट आणि व्हीम एजंट ही सॉफ्टवेअर विंडोज चालू असतानाच इमेज काढतात. क्लोनझिला आणि रेस्क्यूझिला पेनड्राइव्हवरून बूट करून चालवायची. सुरुवातीला पहिल्या प्रकारातलं सोपं.

इमेज ठेवायला एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. सी ड्राइव्हवर २०० जीबी भरलेलं असेल तर ५०० जीबीची डिस्क कमीच पडेल, १ टीबीची घ्या. दोन-तीन जुन्या इमेजही राहतात. डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि काम मध्येच अडकू शकतं.

सॉफ्टवेअर टाकलं की लगेच इमेज काढायची घाई नको. आधी मेन्यूमधून रेस्क्यू मीडिया, म्हणजे विंडोज बंद पडलं तरी कॉम्प्युटर सुरू करून इमेज उतरवणारा पेनड्राइव्ह, तयार करा. त्यासाठी ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह पुरतो, त्यावरचं जुनं सगळं पुसलं जाईल. मग त्यावरून कॉम्प्युटर खरोखर बूट करून बघा. बूट मेन्यूची की बहुधा एफ१२, एफ९ किंवा एस्केप असते. स्क्रीनवर आतली एसएसडी आणि एक्स्टर्नल डिस्क, दोन्ही दिसल्या पाहिजेत. काही इंटेल लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई एसएसडी दिसतच नाही, कारण व्हीएमडीचा (इंटेलच्या डिस्क सांभाळणाऱ्या तंत्राचा) ड्रायव्हर पेनड्राइव्हवर नसतो. तो घालून मीडिया पुन्हा बनवा. हे आजच कळलेलं बरं. डिस्क मेल्यावर कळलं तर डोक्याला हात.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, बूटमध्ये फेरफार झाला की ती मागितली जाऊ शकते. आणखी एक: चालू विंडोजमधून काढलेल्या इमेजमधला डेटा उघडा असतो, म्हणून इमेजला पासवर्ड लावा.

आता इमेज. नुसता सी ड्राइव्ह निवडू नका. शेजारचं सुमारे १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन (विंडोज सुरू करणाऱ्या फायलींचा भाग) आणि रिकव्हरी पार्टिशनही टिक करा. ईएफआय राहिलं तर डेटा परत येतो, पण विंडोज बूट होत नाही. कॉम्प्रेशन मध्यम ठेवा आणि काम झाल्यावर व्हेरिफाय करण्याचा पर्याय चालू करा. यूएसबी ३ वर २०० जीबीला साधारण पाऊण तास धरा. यूएसबी २ च्या पोर्टात केबल गेली तर दोन तासही जातील. लॅपटॉप चार्जरला लावा, स्लीप बंद ठेवा.

वेळापत्रकात महिन्यातून एक पूर्ण इमेज आणि आठवड्याला एक डिफरन्शियल (पूर्ण इमेजनंतर बदललेलं सगळं) पुरे. इन्क्रिमेंटल इमेज (आधीच्या इमेजनंतर बदललेलं तेवढंच) लहान असतात खऱ्या, पण मधली एक बिघडली की पुढच्या सगळ्या गेल्या. डिफरन्शियलला फक्त पूर्ण इमेज आणि शेवटची एक लागते. काम झाल्यावर एक्स्टर्नल डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तीही लॉक करतं.

अधूनमधून इमेज माउंट करून, म्हणजे ड्राइव्हसारखी जोडून, एखादी फाइल उघडून बघा. रिस्टोअर करताना ड्राइव्हच्या अक्षरावर विसंबू नका, रेस्क्यू मीडियात सी चा डी झालेला असू शकतो. डिस्क ओळखायची ती मॉडेल आणि क्षमतेवरून.