सव्वासात वारांचा राजासॉरस: अंगणात खऱ्या मापाने काढायचा कसा

पुस्तकातल्या डायनासोरवर बोट ठेवून मुलाला विचारा, "केवढा होता रे हा?" ते दोन्ही हात पसरून "एवढा मोठ्ठा!" म्हणतं आणि तिथेच थांबतं. म्हणून दर मे महिन्यात बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या अंगणात मी पोरांकडून एक प्राणी खऱ्या मापाने काढून घेते. माप घ्यायला सासूबाईंची जुनी नऊवारी. टेपही आहे घरात, पण लुगडं अंगणभर उलगडलं की मुलांना लांबी आधी डोळ्यांनी कळते, आकडा मग येतो.

सगळ्यांना टायरॅनोसॉरस हवा असतो. तो १२ मीटर, म्हणजे तेरा वार, आणि आमचं अंगण दहा वारांचं. डिप्लोडोकस तर सव्वीस मीटरच्या आसपास, तीन नऊवाऱ्या जोडल्या तरी शेपटी उरतेच. तुम्ही राजासॉरसपासून सुरुवात करा. तो आपल्या शेजारचा आहे. बडोद्याहून गाडीने दोन-अडीच तासांवर बालासिनोरजवळ रैयोली गाव आहे. तिथे १९८०च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तव यांनी त्याची हाडं गोळा केली आणि २००३ साली त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव मिळालं. नर्मदेचं नाव असलेला डायनासोर म्हटल्यावर आमच्याकडच्या आज्यासुद्धा ओट्यावर येऊन बसतात. त्याची लांबी ६.६ मीटरच्या आसपास धरतात. नऊवारीतले सव्वासात वार.

सामान थोडंच लागतं: आलेखाचा कागद, सुतळी, खडू, रांगोळी, गेरू, हळद. मैदानावर मारतात ती फक्की आणू नका, मुलांच्या डोळ्यांत जाते. कागदावर १ सेंटिमीटरला जमिनीवरचे २५ सेंटिमीटर धरा, म्हणजे सगळा प्राणी साडेसव्वीस चौकोनांत मावतो. राजासॉरसच्या सांगाड्याचं बाजूने काढलेलं चित्र कागदावर उतरवून घ्या. मग जमिनीवर सुतळीने तसेच चौकोन आखा आणि एकेका मुलाला दोन-दोन चौकोन वाटून द्या. सकाळी साडेसहाला बसा. संध्याकाळी बसलो होतो त्या वर्षी वारा सुटला आणि अर्धी मान उडून गेली.

बाह्यरेषा काढण्याआधी पाठीचा कणा आणि पाय काढा. इथे घाई करू नका, सगळा डायनासोर पायांतच आहे. विश्वामित्रीच्या काठावर पहुडलेली मगर बडोद्याच्या प्रत्येक मुलाने पाहिलेली असते. तिचे पाय कसे अंगाच्या बाजूला फाकलेले? आता पोरांना सांगा, कोपरं बाहेर काढून, पोट जमिनीपासून चार बोटं उचलून पालीसारखं चाला. अंगणाच्या मध्यापर्यंत जाईतो दंड भरून येतात. मग सरळ उभं राहून तेवढंच चालायला लावा. डायनासोरचे पाय असे खांबासारखे थेट अंगाखाली होते. मांडीचं हाड कमरेच्या आरपार भोक असलेल्या खोबणीत बसायचं, त्यामुळे अंगाचा भार सरळ खाली उतरायचा. एकदा हे अंगातून गेलं की कुणी मूल पाय फाकवून काढत नाही.

शेपटी जमिनीवर टेकवू नका. पाठीच्या रेषेतच मागे जाऊ द्या, पुढचं डोकं तिनेच तोलून धरलेलं आहे. कपाळावर एकच, बुटकं आणि गोलसर शिंग काढा. सापडलेल्या हाडांत कवटीचा भाग, मणके, कमरेची आणि मागच्या पायांची हाडं आहेत. हात आपण त्याच्या नातलगांवरून घेतो, आणि त्या कुळात हात अगदीच तोकडे. मुलांना वाईट वाटतं, ती हात लांब करून टाकतात. पुसायला लावा. रंग मात्र त्यांच्या मनाचा. गेल्या वर्षी हळदीचा झाला, छान दिसला.

जागा उरली तर शेजारी एक घरटं काढाच. मला ह्या सगळ्यात तेच सर्वांत प्रिय आहे. बालासिनोरच्याच बाजूला ढोली डुंगरी इथे १९८०च्या दशकात भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना डायनासोरच्या अंड्यांचं एक घरटं सापडलं. त्यात पिल्लाची हाडं आहेत असं आधी वाटलं. पुढे जीवाश्मतज्ज्ञ जेफ्री विल्सन यांच्या नजरेला त्यातले काही मणके सापाचे दिसले, आणि २०१० साली त्या सापाला सनाजेह इंडिकस हे नाव मिळालं. फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला साप आणि शेजारी नुकतं बाहेर आलेलं पिल्लू, सगळे एकाच जागी गाडले गेलेले. माप असं: साप साडेतीन मीटर, म्हणजे पावणेचार वारांहून थोडा जास्त. पिल्लू साधारण एक हात. अंडं वितीहून लहान. सापाला आजच्या अजगरासारखा जबडा फाकवता येत नव्हता, म्हणून त्याचा डोळा अंड्यावर नाही, पिल्लावर. हे सांगितलं की पोरं आपणहून पिल्लाभोवती हाताचा आडोसा धरतात.

बाजारात मिळणाऱ्या तक्त्यांवर डायनासोर म्हणून डायनासोर नसलेले प्राणीही छापलेले असतात. आम्ही आणलेल्या एका तक्त्यावर टेरानोडॉन आणि डायमेट्रोडॉन होते. हे दोघे भिंतीकडेला वेगळे काढा. टेरानोडॉन उडणारा सरीसृप, त्याचा पंख हाताच्या एकाच लांबलचक बोटावर ताणलेला. अंगठ्यापासून मोजलं तर चौथ्या, आपल्या अनामिकेच्या जागी. पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन तर डायनासोरांच्या कितीतरी आधीचा, आणि त्याचं नातं त्यांच्यापेक्षा आपल्याशी जवळचं. मोसासॉर, प्लेसिओसॉर समुद्रातले, तेही डायनासोर नव्हेत. व्हेलॉसिरॅप्टर मात्र पक्का डायनासोर, फक्त शेपटीसकट जेमतेम दोन वारांचा. त्याला पिसं काढा. त्याच्या हाताच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणा मिळाल्या आहेत.

फोटो गच्चीवरून काढा. सर्वांत लहान मुलाला राजासॉरसच्या पायाशेजारी आडवं करा आणि नऊवारी पाठीच्या रेषेवर तशीच राहू द्या. आवरताना रांगोळी आधी कोरडी झाडून घ्या, मगच पाणी मारा, नाहीतर मोरी तुंबते.